साडेदहा फ्रेमचं पान
बादलीतून ओली फिल्म वर काढली आणि तोंडातून शिवीच गेली. एका टोकाला चांगली हातभर पट्टी पार कोरी! चित्र धरून ठेवणारा जिलेटीनचा थरच सुटून आला होता. दुधावरची साय लागावी तसं बुळबुळीत जिलेटीन बोटांना. चूक माझीच. सोडा अंदाजाने टाकला, वर पाणीही कोमट. सोड्याच्या पाण्यात जिलेटीन फुगतं, ऊब मिळाली की सुटतं, हे चांगलं ठाऊक असताना घाई केली.

सध्या कॅमेरा बाजूला ठेवून १६ मिमी फिल्मवर फायटोग्राम, म्हणजे पानांच्या रसाने उमटवलेली चित्रं, करते आहे. कारेल डोइंग या फिल्मकाराने रूढ केलेली ही रीत. पानं धुण्याचा सोडा आणि व्हिटॅमिन सीच्या पाण्यात भिजवायची, फिल्मवर मांडायची, वर काच ठेवायची आणि सगळं चक्क उन्हात. डार्करूम नाहीच. (कोरी फिल्म उजेडात उघडताना मला अजून चोरी केल्यासारखं वाटतं.) पानातली फिनॉलं ही रसायनं या पाण्याच्या जोडीने डेव्हलपरचं, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या द्रावणाचं काम करतात. पान टेकलं असेल तिथे काळी चांदी तयार होते. मग चित्र पक्कं करणारा हायपो, मग भरपूर धुणं.

म्हणजे फिल्मला पानाचा हिरवेपणा दिसत नाही, तिला त्याचा रस लागतो. परवा एकाच फांदीची दोन पानं ठेवली. एकाची शीर न् शीर उतरली, दुसऱ्याचा नुसता धुरकट डाग. जिथे देठ खुडताना चिरडला होता, तिथे मात्र काळंकुट्ट.

स्टॅन ब्रॅकेज या अमेरिकन फिल्मकाराने १९६३ साली ‘मॉथलाइट’ या फिल्ममध्ये पतंगांचे पंख आणि पाकळ्या थेट पारदर्शक पट्टीत दाबल्या होत्या. तिथे पंखच प्रकाश अडवतात. माझं पान काम झालं की कचऱ्यात जातं, हे मला जास्त आवडतं.

आता गंमत मोजमापाची. प्रोजेक्टर एका वेळी दाखवतो तो तुकडा म्हणजे फ्रेम. फ्रेम ते फ्रेम अंतर ७.६२ मिमी, पान आठ सेंटिमीटर; म्हणजे साडेदहा फ्रेम. सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने अर्ध्या सेकंदात पान संपलं! पण पानं एकामागे एक, मधली शीर फिल्मच्या लांबीला धरून लावली, तर ती शीर पडद्यावर जवळपास स्थिर उभी राहते आणि बाजूच्या शिरा तिच्याभोवती नुसत्या थरथरतात. हे मला हातात फिल्म धरून कधीच कळलं नसतं.

ती कोरी पट्टी कापलेली नाही. हातभर म्हणजे साठ फ्रेम, अडीच सेकंद पांढरा पडदा. तिच्या कडेला सायीच्या चुण्या पडल्यात. त्या वाळल्यावर टिकतात का, ते उद्या बघते.