शहर-जॅकेट: पाच वेळा उसवलेली पाठ आणि हळियाळची कवंदी

मंडळी, शहर-जॅकेटची पाठ बसली! काल रात्री हँगरला टांगून दिव्यासमोर धरली. खालचा काठ सरळ, मधे फुगवटा नाही, खणाच्या कडेला एकही चुणी नाही. मार्चपासून हीच पाठ पाच वेळा उसवली होती. आता सहाव्यांदा, आणि अगदी वेगळ्या रस्त्याने, ती जमली. मधला छोटा चौकोन अजून उघडा आहे, त्याकडे शेवटी येते.

गावोगावच्या कापडांचे तुकडे जोडून शिवायच्या या जॅकेटचे नियम तुम्हाला ठाऊकच आहेत: एका गावाचा एकच तुकडा, अर्ध्या मीटरच्या आत, आणि तो विणणाऱ्या-छापणाऱ्याच्या हातून किंवा त्या गावच्या जुन्या बाजारातून घेतलेला. मॉलमधलं काही नाही. पाठीसाठी पाच तुकडे ठरले होते: अजरखपूरचा अजरख (ठशांनी छापलेलं कापड), गुळेदगुड्डचा खण, अहमदाबादची माता नी पछेडी (देवीच्या चित्रांचं कापड), बगरूचा दाबू (चिखलाचा लेप देऊन छापलेलं कापड) आणि छत्रपती संभाजीनगरचं हिमरू (मागावर विणलेलं नक्षीदार कापड). मागच्या वेळी सगळे सतरंजीवर मांडून फोटो काढला होता आणि आठवडाभरात शिवून होईल असं लिहिलं होतं. सहा महिने गेले.

अडचण अशी की ही पाच कापडं पाच स्वभावांची आहेत. अजरख आधीच इतक्या वेळा धुतलेला असतो की त्याला आटायला काही उरलेलंच नसतं. हिरड्याचं पाणी, रंग अडवणारा चुना-डिंकाचा रोध, गंजलेलं लोखंड गुळात आंबवून केलेला काळा, मग अलिझरीनचा लाल, मग नीळ, आणि प्रत्येक टप्प्याला धुणं. पाण्यावर तर या कामाचं सगळंच अवलंबून. २००१ च्या भूकंपानंतर धमडका या छपाईच्या जुन्या गावाचं पाणी बदललं, त्यात लोह वाढलं, आणि तिथल्या छपाई करणाऱ्या बऱ्याच खत्री कुटुंबांनी भुजजवळ अजरखपूर वसवलं ते त्याच कारणाने. खणाचं उलट. माझ्या खणात ताणा (उभे धागे) कृत्रिम रेशमाचा आणि बाणा (आडवे धागे) सुती. पन्नास सेंटिमीटरचा चौकोन रात्रभर भिजवून वाळवला, तर ताण्याच्या दिशेने ४८.२ भरला आणि बाण्याच्या दिशेने ४९.६. म्हणजे एकच तुकडा दोन बाजूंनी दोन तऱ्हेने आटतो. हिमरूला तर पाणी लावायचंच नाही. त्याच्या उलट बाजूला जादा बाण्याचे धागे सुटे लोंबत असतात. कापलं की पहिले तेच निसटतात.

पहिल्यांदा सरळ मशीनवर टीप मारली. बेचाळीस सेंटिमीटरच्या शिवणीच्या टोकाला खण आठ मिलिमीटर लांब उरला! मशीनचे दात खालचं कापड पुढे ओढतात, वरचं कापड पायाखाली मागे राहतं, आणि एक कापड बुळबुळीत, दुसरं खरखरीत असलं की ही चूक प्रत्येक टाक्यागणिक साठत जाते. दुसऱ्यांदा हिमरू सोडून सगळं आधी धुऊन आटवलं आणि खाली वर्तमानपत्राचा कागद घालून शिवलं. आठाचे तीन मिलिमीटर झाले. पण पाठीवर तीन मिलिमीटरसुद्धा दिसतात.

तिसऱ्यांदा चिकटणारं बुकरम लावलं, आणि ते मी पुन्हा कधी करणार नाही. टेबलावर सुरेख सपाट दिसलं. दोन दिवसांनी हिमरूखाली फोड आले. गोंद कापडाला लागलाच नव्हता, फक्त त्या लोंबणाऱ्या धाग्यांना लागला होता. सोलून काढताना एक अख्खी बुट्टी विरली. त्या रात्री मी मशीनवर कापड झाकलं आणि महिनाभर उघडलं नाही.

मग आत्याकडे गेले. ती साताऱ्याकडची, तिने आयुष्यात चाळीसेक वाकळा (गोधड्या) घातल्यात. तिने एका नजरेत सांगितलं, ‘‘अगं, मशीनला कसलं डोकं? हाताने धावदोरा घाल, काठाकडून आत ये.’’ चौथा आणि पाचवा प्रयत्न तिच्या पद्धतीने झाला. खाली सुती कापड, वर पाचही तुकडे मांडून कच्चे टाके, मग काठापासून आत फेऱ्या. कडा पहिल्यांदाच शांत बसल्या. पण जास्तीचं सगळं कापड सरकत सरकत मध्यावर जमलं, आणि तिथे लाट उभी राहिली. कच्चे टाके पाच-पाच सेंटिमीटरवर घातले तरी लाट आलीच. वाकळीत ती कुणाला दिसत नाही. मऊ जुन्या लुगड्यात ती जिरूनही जाते. खण आणि हिमरू जिरवून घेत नाहीत.

वाट सापडली ती खणाच्याच निमित्ताने. ओटीत जो त्रिकोणी घडीचा खण आपण घेतो, तो जिथे विणतात ते गुळेदगुड्ड बागलकोट जिल्ह्यात. आधीच्याच्या बदली तुकडा आणायला गेले होते, येताना धारवाडला थांबले आणि ओळखीतल्या एकांनी हळियाळच्या बाजूला एका सिद्दी घरी नेलं. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून आणले गेलेले, त्यातले बरेच पोर्तुगीजांच्या गोव्यातून निसटून या जंगलांत आले. घरात कोकणी-मराठीच्या अंगाने जाणारी बोली, त्यामुळे आमचं बोलणं अडलं नाही. ओसरीवर तिथल्या मावशी कवंदी, म्हणजे सिद्दींची गोधडी, शिवत होत्या. मी तीन तास तिथून हलले नाही.

बघा, त्या काय करतात. खाली जुनी साडी पसरलेली. तुकडे आधी मांडतच नाहीत. एका कोपऱ्यात पहिला तुकडा, त्याची कड नखाने दुमडून बसवलेली, आणि त्याच्यावरून लगेच धावदोरा. तो पक्का झाला की शेजारी दुसरा, पहिल्याची उघडी कड झाकत. असं कडेकडेने पूर्ण फेरी, मग आतली फेरी, मग त्याच्या आतली, शेवटचा तुकडा मधोमध. टाचणी नाही, कच्चा टाका नाही, पट्टी नाही. प्रत्येक तुकडा ठेवताना त्याच्याआधीचं सगळं शिवून स्थिर झालेलं असतं, म्हणून तुकडा उरलेल्या जागेच्या मापाने दुमडला जातो. चूक साठायला जागाच मिळत नाही! आत्याची वाकळ आणि कवंदी, दोन्ही काठाकडून आत जातात. फरक एवढाच की वाकळीत सगळं आधी अंथरलेलं असतं आणि कवंदीत तुकडे शिवता शिवता येतात. माझे सहा महिने त्या एवढ्याशा फरकात अडकले होते. चारी कोपऱ्यांना शेवटी दुमडलेल्या चिंध्यांचे छोटे त्रिकोण लावतात, त्यांना फुलं म्हणतात. फुलांशिवाय कवंदी उघडी दिसते.

घरी आल्यावर मोठे तुकडे कापले. आधी हे जिवावर आलं असतं, पण कवंदी पाहिल्यावर हात थरथरला नाही. हातभर लांब ते बोटभर रुंद असे सगळ्या मापांचे केले. खाली आत्याचं जुनं सुती नऊवारी घातलं. ते इतक्या वेळा धुतलेलं आहे की त्याला आता आटणं ठाऊक नाही. ओळींमधलं अंतर आठ मिलिमीटर. एकोणीस संध्याकाळी लागल्या. सगळ्यात सुंदर क्षण तिसऱ्या फेरीतला: अजरखचा निळा तारा आणि पछेडीचा लाल-काळा तुकडा शेजारी आले आणि खणाचा काठ दोघांच्या मधून ओढ्यासारखा गेला. हे मांडून सुचलं नसतं. पछेडीचा तुकडा माझ्यासाठी फार मोलाचा आहे. देवळात प्रवेश नाकारलेल्या लोकांनी कापडावर देवीचं देऊळ उभं केलं, ते हे काम. त्यातला देवीचा चेहरा कापला नाही, फक्त कडेची वेल आणि हत्ती घेतले.

हत्यारांबद्दल थोडं. कात्री मेरठचीच घ्या. जुन्या गाड्यांच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या पोलादाची असते, धार गेली तर लावून मिळते, हातात वजन जाणवतं. दोरा तीन पदरी सुती, प्रत्येक वेळी मेणावरून ओढून घ्यायचा, नाहीतर खणातून जाताना पिंजतो. अंगुस्तान (बोटावरची धातूची टोपी) वापरत नसाल तर हिमरूआधी सवय करा. निळीची परीक्षा चुकवू नका: ओल्या पांढऱ्या फडक्याने अजरख आणि दाबू दोन्ही घासून बघा. माझ्या दाबूने फडकं निळं केलं, त्याला चार पाण्यांतून काढलं, मगच पछेडीशेजारी बसवलं.

आणि ऑनलाइन ‘हिमरू’ घेताना जपून. एका दुकानाने मला पाठवलेला तुकडा पॉलिस्टर निघाला. कडेचा धागा जाळला तर वितळून काळा मणी झाला. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, रेशमाला जळक्या केसांचा वास येतो. पैसे परत मिळाले नाहीत. ज्यांचे माग अजून चालू आहेत त्यांच्या दारात जाऊनच घ्या, दोन-चार तास बसा, माग चालताना बघा. त्यांच्याकडे कापणीचे तुकडेही मिळतात, आणि आपल्याला तेवढे पुरतात.

आता बेत बदलतोय. बाह्या ठरल्या होत्या, पण पाठ इतकी जाड झाली आहे की मुंढ्याला वळत नाही. बाह्या जोडल्या तर खांदे उचलले जातील. म्हणजे जॅकेटची बंडी होणार. आणि हे लिहिता लिहिताच सुचलं: बाह्यांसाठी ठेवलेलं गोव्याचं कुणबी कापड, लाल-पांढऱ्या चौकटींचं, त्याची फुलं करायची! पाठीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना, आणि पुढच्या दोन्ही पाखांच्या टोकांना. सिद्दींची वाट गोव्यातूनच आली, तर त्यांच्या फुलांना गोव्याचं कापड शोभेल. पुढच्या पाखांसाठी तयार केलेला कागदी नमुना त्यामुळे फाडला, ती दोन्हीही आता कवंदीनेच.

राहिला मधला चौकोन, बारा बाय नऊ सेंटिमीटर. सुरुवातीपासून तिथे हिमरू जायचं ठरलं होतं. विरलेल्या बुट्टीशेजारची एक बुट्टी शाबूत आहे, तिच्याभोवती दीड सेंटिमीटर कड दुमडायला उरते, त्याहून धागाभरही जास्त नाही. कडेला पातळ उरेब (तिरकी कापलेली) पट्टी लावून मग दुमडावी की पट्टीने जाडी वाढेल, यावर दोन दिवस घालवले. कुणी हिमरूची कापलेली कड हाताने दुमडून टिकवली असेल तर रविवारच्या आत सांगा. रविवारी सकाळी आत्या येतेय, तिच्यासमोर तो शेवटचा तुकडा बसवायचाय.