आमची वाटचाल : वस्तरा पाठवू नका असं सांगत सांगत

सुरुवातीलाच कबूल करतो, धंदा सुरू केला तेव्हा आम्हाला वाटायचं वस्तऱ्याला धार लावणं म्हणजे दगडावर घासायचं, मग अजून बारीक दगडावर घासायचं आणि मग त्याहून बारीक. मी आणि भाऊ दोघंच होतो, एक टेबल, एक बादली आणि चार दगड, १०००, ४०००, ८००० आणि १२००० ग्रिटचे (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितका दगड बारीक). आज पाच जण आहोत आणि दगड किती झालेत ते विचारू नका, बायको विचारते तेवढं पुरे.

पहिला फटका मशीनने दिला. जुने वस्तरे काळवंडलेले यायचे, कस्टमरला चकाचक आवडतं म्हणून आम्ही बफिंगचं चाक घेतलं. एक जुना इंग्लंडमधल्या शेफील्डचा वस्तरा त्याच्यावर धरला, आरशासारखा झाला, आम्ही खूश! टोकाकडे जरा निळसर झाक आली होती पण जुन्या स्टीलला येत असेल असं म्हणून सोडून दिलं. महिन्याभरात वस्तरा परत, टोकाकडची धार दोन दाढ्यांत मरत होती. आता कळतं तेव्हा काय झालं ते, पातं धारेकडे कागदासारखं पातळ असतं, चाकावर काही सेकंदांत तापतं, आणि कार्बन स्टील २०० अंशांच्या फार वर गेलं की त्याचा टेम्पर, म्हणजे कडकपणा, उतरतो. निळं दिसलं म्हणजे ३०० च्या आसपास जाऊन आलं. मग दगडावर कितीही घासा, स्टीलच मऊ झालंय तर धार टिकणार कशी? त्या माणसाला वस्तरा भरून दिला आणि चाक त्याच आठवड्यात विकून टाकलं. हल्ली काळे डाग घेऊन वस्तरा आला तर काळा डागच परत जातो, हाताने निघेल तेवढंच काढतो.

मग सुरू झाल्या ‘ओढतोय’ वाल्या तक्रारी, म्हणजे वस्तरा केस कापायच्या ऐवजी ओढतो. वस्तऱ्याची गंमत अशी की कोन हाताने धरावा लागत नाही, पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकवायची, कोन पाठीची जाडीच ठरवते. पाठ ५ मिमी जाड आणि तिथून धारेपर्यंत १७ मिमी रुंदी असेल तर धार बसते साधारण १७ अंशांवर. इतकं सोपं, तरी आमचे वस्तरे मधे कापायचे आणि कडेला ओढायचे, किंवा उलटं. भाऊ म्हणाला स्टील खराब, मी म्हणालो तुझा हात खराब, यावर आमचं दोन दिवस वाजलं. शेवटी भावानेच १००० च्या दगडावर शिसपेन्सिलीने चौकटी आखल्या आणि तो दगड डायमंड प्लेटवर (हिऱ्याचे कण बसवलेली सपाट पट्टी) आठ-दहा वेळा फिरवला. कडेच्या रेघा लगेच पुसल्या गेल्या, मधल्या जशाच्या तशा, म्हणजे दगड मधे बशीसारखा खोल झालेला आणि आम्ही त्याच्यावर सपाट धार काढायला निघालेलो. तेव्हापासून पेन्सिल टेबलावरून हलत नाही.

पण खरी गोष्ट पुढची आहे. एक कस्टमर होता, जर्मनीतल्या झोलिंगेनचा वस्तरा, छान ठेवलेला, तीन वेळा आमच्याकडे आला आणि तिन्ही वेळा तक्रार तीच, पहिली दाढी मस्त, तिसरीला जळजळ. चौथ्यांदा पाठवतो म्हणाले तर मी म्हटलं, काका पाठवू नका, आधी पट्टा कसा मारता, म्हणजे दाढीआधी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर कसा फिरवता, त्याचा व्हिडिओ करून पाठवा. व्हिडिओ बघितला आणि डोक्याला हात लावला. पट्टा झोक्यासारखा सैल, जोर लाकूड तासल्यासारखा, आणि टोकाला पोचल्यावर पाठ उचलून धारेवरून पलटी! आम्ही दगडावर जे तासभर बसून केलं ते काका रोज सकाळी अर्ध्या मिनिटात पुसत होते. फोनवर त्यांना सांगितलं ते आता सगळ्यांनाच सांगतो. दगडावर धार पुढे, पट्ट्यावर पाठ पुढे. पट्टा ताणून धरा, सैल पट्टा धारेला गुंडाळून ती गोल करतो. पाठ चामड्यावरून उचलायचीच नाही, पलटायचं ते पाठीवरून. जोर वस्तऱ्याच्या वजनाइतका. पट्ट्याच्या कॅनव्हासवर, म्हणजे जाड कापडाच्या बाजूवर, २० वेळा, चामड्यावर ५० वेळा, बास. सावकाश करा, सिनेमातला न्हावी फटाफट मारतो ते त्याला शोभतं.

त्यानंतर जुनी रजिस्टरं काढून बघितली तर बहुतेक वस्तऱ्यांना दगडाची गरजच नव्हती. कुणाचा पट्टा चुकीचा, कुणी ओला वस्तरा तसाच बाथरूममधे ठेवलेला, कुणी कोरड्या दाढीवर चालवलेला. २०२० मधे अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी मायक्रोस्कोपखाली बघितलं, केस स्टीलपेक्षा साधारण ५० पट मऊ, तरी केस वाकून धारेला तिरका लागला की ब्लेडचे बारीक टवके उडतात. ते प्रयोग साध्या ब्लेडवरचे, पण स्टील ते स्टीलच. केस पाणी पिऊन मऊ झाला की सहज कापला जातो, म्हणून दाढी दोन-तीन मिनिटं गरम पाण्याने भिजवा म्हणतो, पण हे सांगितलं की लोकांना वाटतं आम्ही कामाची टाळाटाळ करतोय.

मधे आम्हालाही अति धारेचं वेड लागलं होतं हे पण सांगून टाकतो. ०.१ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) डायमंड स्प्रेवर, म्हणजे हिऱ्याच्या बारीक कणांच्या फवाऱ्यावर, फिनिश करायचो, धार नुसती लागली की केस तुटायचा, आम्ही एकमेकांना करून दाखवायचो. कस्टमर मात्र म्हणायचे दाढी गुळगुळीत होते पण चेहरा पेटतो. आता बऱ्याचदा शेवट बेल्जियमच्या पिवळ्या कोटिक्यूल या नैसर्गिक दगडावर करतो, त्यात गार्नेट या खनिजाचे कण असतात, धार जरा कमी चमकदार पण कातडीला सौम्य. भावाला हे अजून पटलेलं नाही, तो स्वतःच्या वस्तऱ्याला स्प्रेच मारतो.

आता फोन आला की आम्ही आधी पट्ट्याचा व्हिडिओ मागतो. भाऊ म्हणाला होता असं केलं तर उपाशी मरू. तसं काही झालं नाही, ते काका स्वतः परत आले नाहीत पण त्यांच्या ओळखीतून बरेच आले.

आणि ज्यांना खरंच पाठवायचा आहे त्यांनी एवढं करा, वस्तरा नीट पुसून, कोरडा करून, तेलाचा हात फिरवून, मिटून वर दोरा बांधून पाठवा. टॉयलेट पेपरमधे ओला गुंडाळून आलेला एक आत्ताच टेबलावर पडलाय, गंज धारेपासूनच सुरू झालाय.