तुम्ही विचारलंत म्हणून: नाक चालतं, मग ओठ का नाही?

"मॅडम, नाक टोचलं तं काही होत नाही, मंग ओठ टोचला तं काय होते?" दारव्हा तालुक्यातल्या कितीतरी मुली दाढ दाखवायला येतात आणि निघताना हळूच हे विचारतात. प्रश्न रास्त आहे.

नाकातली चमकी दातांना लागत नाही. ओठातल्या खड्याची आतली चकती मात्र बोलताना, जेवताना, हसताना खालच्या दातांच्या हिरडीवर घासत राहते. हिरडी खाली सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं, थंड पाणी झोंबायला लागतं. तोवर काही दुखत नाही, म्हणून कोणी दाखवायलाही येत नाही. आणि खाली गेलेली हिरडी आपोआप वर चढत नाही. जिभेतली दांडी हेच आतल्या बाजूनं करते. शिवाय ती दातांनी खेळवायची सवय लागते आणि दाताचा टवका उडतो.

जिभेची मला जास्त धास्ती वाटते. तिच्यात मोठ्या रक्तवाहिन्या आहेत आणि टोचल्यावर ती सुजतेच. म्हणून आधी लांब दांडी घालतात, सूज उतरली की आखूड. जत्रेत टोचणारा ती बदलायच्या वेळी कुठे सापडणार? त्याची सुई स्पिरिटनं पुसलेली असते. खरं निर्जंतुकीकरण म्हणजे ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालच्या वाफेत १२१ अंशांवर निदान १५ मिनिटं. ते नसेल तर यकृत बिघडवणारे हिपॅटायटिस बी आणि सी एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जाऊ शकतात.

आपल्याकडे सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात तो आनुवंशिक आजार, घरोघरी ऐकू येतो. नुसत्या वाहकांचं मी म्हणत नाही, पण ज्यांना तो आजारच आहे त्यांना साध्या जंतुसंसर्गानंही वेदनांचा झटका येऊ शकतो. हृदयाची झडप खराब असेल तर तोंडातले जंतू रक्तातून तिथवर पोचू शकतात. या दोघांना मी स्पष्ट नाही म्हणते. खर्रा खाणाऱ्यांनाही, कारण चुना-तंबाखू ओल्या जखमेवर बसणार.

टोचून झालंच असेल तर घरचे रागावतील म्हणून लपवू नका. हिरडी दर सहा महिन्यांनी दाखवा. जीभ सुजून गिळणं किंवा श्वास घेणं जड जायला लागलं, हनुवटीखाली सूज आली, तर सकाळची वाट न पाहता यवतमाळच्या मेडिकल कॉलेजचं रुग्णालय गाठा. आईशी काय बोलायचं ते मी बघते.