धायरीतलं आमचं वाचनालय

आम्ही बायकांनी पुण्यातल्या धायरीत वाचनालय काढायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यांनी एकच विचारलं, पुस्तकं कुठून आणणार? पुस्तकं आली हो. खरी मेहनत लागली ती कागदपत्रांना आणि रोज ठरल्या वेळी कुलूप उघडण्याला.

संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली संस्था काढायला किमान सात जण लागतात. सात जणी पहिल्याच बैठकीत तयार झाल्या. अडलं ते नावांवर. एका काकूंच्या पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. दुसरीच्या पासबुकावर नुसतंच अर्धं. बायकांची संस्था काढणार असाल तर आधी हे बघा. सगळे कागद एका नावावर आणा, मगच घटना आणि नियमावली टाइप करायला द्या. जागामालकाचं ना हरकत पत्रही लेखी घ्या. नोंदणी धर्मादाय कार्यालयात होते, तिथेच १९५० च्या विश्वस्त कायद्याखालीही नोंद करावी लागते. मग पॅन, बँक खातं आणि दरवर्षीचं लेखापरीक्षण.

पुण्यात जुन्या ग्रंथालयांना तोटा नाही. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय १९११ चं. पण पुस्तक बदलायला धायरीहून पेठेत जायचं म्हटलं की घरच्या बाईची अख्खी दुपार जाते. जवळचं वाचनालय हवं, हे मला म्हणूनच मनापासून वाटतं.

पुस्तकं पोत्यांनी आली. त्यात जुनी गाइडं, पानं सुटलेली शब्दकोडी, कसर लागलेल्या कादंबऱ्या. कसर लागलेलं एक पुस्तक कपाटात गेलं की शेजारचीही धरतात, त्यामुळे प्रत्येकाची शिवण आणि कड उघडून बघितली. नको ते देणाऱ्याला दारातच नम्रपणे सांगावं. नंतर रद्दीत घातलेलं त्यांना कळलं तर जास्त लागतं.

दाखल नोंदवही आम्हाला एका निवृत्त शिक्षिका काकूंनी शिकवली. प्रत्येक पुस्तकाला एक दाखल अंक, पुढे लेखक, प्रकाशक, किंमत आणि कुणी दिलं ते. तोच अंक आणि शिक्का मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर, शिवाय प्रत्येक पुस्तकाच्या पंचविसाव्या पानावर. पहिलं पान कुणी फाडलं तरी पुस्तक कुणाचं ते कळतं. पुस्तक हरवलं तरी त्याचा अंक दुसऱ्याला द्यायचा नाही. पुस्तकांना विषयवार आकडे देण्याची ड्युई दशांश वर्गीकरण ही पद्धत असते, तिच्यात मराठी साहित्य ८९१.४६ मध्ये बसतं. आमचं जवळजवळ सगळं कपाट त्याच एका आकड्यात गेलं असतं, म्हणून कथा, कादंबरी, चरित्र आणि बालवाङ्मय अशा रंगीत पट्ट्या लावल्या.

वेळ संध्याकाळी ४ ते ७ ठेवली, शाळा सुटल्यानंतरची आणि रात्रीच्या स्वयंपाकाआधीची. पोळ्यांची कामं करणाऱ्या एक ताई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अनामत दोन हप्त्यांत दिली तर चालंल का?" त्याच आठवड्याच्या बैठकीत आम्ही बायकांची आणि मुलांची अनामत काढून टाकली. पुस्तकं परत येत नाहीत ही भीती होती, ती खरी ठरली नाही.

१९६७ च्या ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. आमची नजर सुरुवातीच्या ड वर्गावर आहे, त्यासाठी वाचकांची रोजची नोंद आणि हिशेब नीट ठेवतोय. सध्या गुरुवारच्या पाळीला कुणी नाही. आसपास राहणाऱ्या कुणाला जमत असेल तर संध्याकाळी येऊन भेटा, देवघेव आम्ही शिकवू.