तुम्ही विचारलंत म्हणून: पोरांना पैसे देता का?

‘क्रिकेट ०७’ या कॉम्प्युटर गेमचं रोस्टर, म्हणजे त्यातले संघ आणि खेळाडूंची माहिती, आम्ही चाहते अजून ताजं ठेवतो हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला. ही माहिती भरणाऱ्या पोरांना काही देता, की फुकटच राबवता?

ईए स्पोर्ट्सचा हा गेम २००६ च्या अखेरीस आला. त्यानंतर त्यांनी कॉम्प्युटरसाठी क्रिकेटचा गेम काढलाच नाही. तेव्हापासून नावं, चेहरे, जर्सी बदलत राहिले ते चाहतेच. २०२२ च्या जूनमध्ये मध्य प्रदेशाने मुंबईला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला आणि इंदूरच्या आमच्या टोळक्याने ठरवलं, हा अख्खा संघ गेममध्ये यायलाच हवा. (आमच्या घरात निम्मे मुंबईवाले. त्या रात्री जेवणं जरा गप्पच झाली.)

थोडी देणगी जमली होती, म्हणून मी दर लावला: एका खेळाडूची माहिती भरायला वीस रुपये. एका पोराने एका रात्रीत चाळीस खेळाडू पाठवले. मी खूश. मॅच लावली, तर आपला डावखुरा फिरकीपटू कुमार कार्तिकेय उजव्या हाताने ऑफस्पिन टाकतोय! पठ्ठ्याने तक्त्यात एका खेळाडूची ओळ भरून तीच बाकीच्यांसाठी खाली ओढली होती. त्याला काय बोलणार? मोजून पैसे देतो म्हणालो होतो, त्याने मोजून माल दिला.

त्याच आठवड्यात बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी तीनच खेळाडू दिले. वहीत पेन्सिलीने: हा पहिले दहा चेंडू चिकटून बसतो, हा नवा चेंडू सोडतच नाही, ह्याला कव्हर्समधून मारायची खोड आहे. माझ्या दराने त्यांचे झाले साठ रुपये. लाजच वाटली.

तेव्हापासून भरण्याचे पैसे बंद. तपासायला बसतो त्याला तासावर देतो, चूक सापडो न सापडो. चेहरे करणारी मुलगी फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करते. एका चेहऱ्यात तिची अर्धी सुट्टी जाते, तिला तिच्याच दराने. गेम आमच्या मालकीचा नाही, तेव्हा विकायचा प्रश्नच येत नाही. देणगीचा हिशेब दर महिन्याला ग्रुपवर टाकतो, सव्वाशे रुपयांचा असला तरी.

‘फुटबॉल मॅनेजर’सारख्या गेमची गोष्ट वेगळी. देशोदेशीचे चाहते आपापल्या क्लबांवर डोळा ठेवून खेळाडूंची माहिती कळवतात आणि गेम विकला जातो. जिथे गल्ला भरतो तिथे माहिती आणणाऱ्याला मानधन हवंच. फुकट प्रत हातावर ठेवून वाटेला लावणं मला पटत नाही.

काका मात्र तासाचेही घेत नाहीत. गेल्या रविवारी त्यांनी मी स्वतः भरलेल्या दोन खेळाडूंवर काट मारली आणि माझ्या खात्यावर पोहे सांगितले, वरून जीरावन मसाला जास्त.