चॅम्पियनशिप रग्बी ग्राउंड लॉग: २०२२-२३ आणि जर्सी क्लबचं जे झालं ते

चॅम्पियनशिपमधल्या सगळ्या टीमच्या ग्राउंडवर जाऊन मॅच बघायची आणि यादीत टिक करायची, असं माझं चाललंय. मागचा लॉग टाकला तेव्हा फक्त लंडनची ग्राउंड्स झाली होती, ईलिंगचं व्हॅलिस वे आणि रिचमंडचं ॲथलेटिक ग्राउंड. दुसऱ्यावर लंडन स्कॉटिश आणि रिचमंड दोघंही खेळतात, म्हणजे एकाच गेटमधून आत जाऊन दोन टीमवर टिक. आता बरीचशी यादी उरकलीये, कॅल्डी आणि डॉनकास्टर तेवढी राहिली.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात, चॅम्पियनशिप ही इंग्लंडमधली, सगळ्यात वरच्या प्रीमियरशिपच्या खालची रग्बी लीग. २०२२-२३ ला १२ टीम, घरच्या आणि बाहेरच्या मिळून प्रत्येकीला २२ मॅच. जिंकलं की ४ पॉइंट, चार ट्राय (बॉल समोरच्याच्या गोललाइनपलीकडं टेकवणं) केल्या की १ बोनस, सात किंवा कमी पॉइंटनं हरलात तरी १. इथपर्यंत सगळं सरळ आहे, घोळ पुढं आहे. टेबलात पहिले आलात म्हणून वर जाल असं काही नाही. २०२१-२२ ला ईलिंग पहिले आले, डॉनकास्टर दुसरे, आणि दोघांनाही इंग्लंडच्या रग्बी युनियननं सांगितलं की तुमचं ग्राउंड १०,००१ प्रेक्षकांचं नाही, बसा खाली. आता ज्या लीगमध्ये घरच्या मॅचला दोन-अडीच हजार लोक आले तरी बारवाला खूश होतो तिथं दहा हजारांचं स्टेडियम कोण बांधणार आणि कुणासाठी, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

ऑफिसातले विचारतात की वर जाताच येत नसेल तर बघतोस कशाला. त्यांना एकदा रेलिंगला उभं करायला पाहिजे. ॲथलेटिक ग्राउंडवर थंडीतली मॅच होती, माझ्यापासून पाच-सहा पावलांवर स्क्रम लागला, म्हणजे दोन्ही टीमचे आठ-आठ जण खांद्याला खांदा लावून एकमेकांना रेटतात तो. रेफरी म्हणतो क्राउच, बाइंड, आणि मग सेट, आणि त्या सेटला जो धप्प आवाज होतो तो टीव्हीवर कधीच नीट येत नाही. सगळ्यांच्या अंगातून वाफ निघत होती. मी आता बॉल बघायचं सोडलंय, टाइटहेडचा (स्क्रमच्या पुढच्या रांगेत उजवीकडं असतो तो) मागचा पाय बघतो. तो पाय वीतभर सरकला, स्टड्सनी गवत सोलून काढलं आणि त्यानं घाईघाईनं दुसरीकडं रोवला की समजायचं, आता हा खाली बसणार आणि पेनल्टी जाणार. बऱ्याचदा बरोबर निघतं. बाजूचा म्हातारा स्कॉटिशवाला तर रेफरीच्या आधी हात वर करतो.

ऑक्टोबर २०२२ वाईट गेला. वूस्टर आधीच बंद पडलेलं, मग वॉस्प्स, दोन्ही वरच्या लीगचे क्लब, आणि शेकडो लोक एका महिन्यात बेकार. त्यात रेल्वेचे संप, तेही शनिवारीच. कॅल्डीला जायचं त्यातच राहिलं. वायरल द्वीपकल्पावर आहे, वर्षभर आधीच प्रमोशन घेऊन आलेली टीम, खेळाडू नोकऱ्या सांभाळून खेळणारे, तरी खाली गेले नाहीत. खाली गेले रिचमंड.

बेडफर्ड सगळ्यात सोपं, सेंट पँक्रसवरून थेट गाडी आणि पुढं चालत. गोल्डिंग्टन रोडला गर्दी खरी असते, आजोबा-नातवंडं सगळी, आणि टीम बॉल हातात घेऊन पळणारी, किकचा कंटाळा करणारी. पहिल्यांदा कुणाला न्यायचं असेल तर इथंच न्या. अँप्टहिलला फ्लिटिकला उतरून बरंच चालावं लागतं. नॉटिंगहॅमचं लेडी बे ट्रेंट ब्रिजपासून चालण्याच्या अंतरावर आहे, त्यामुळं आधी क्रिकेट ग्राउंडला बाहेरून नमस्कार घातला, आपल्या माणसाला ते टाळता येत नाही. हार्टपुरी म्हणजे कॉलेजचा कॅम्पस, चहूकडं शेतं, आणि प्रीमियरशिपमधल्या ग्लॉस्टरची पोरं तिथं लोनवर, म्हणजे काही काळ उसनी खेळतात. हे लोनचं प्रकरण भारी असतं, आज ज्याला पन्नास पौंड मोजून बघाल तो दोन वर्षांपूर्वी इथं चिखलात लोळत असतो.

कॉर्नवॉलमधल्या पेन्झन्सची, म्हणजे कॉर्निश पायरेट्सच्या ग्राउंडची ट्रिप मात्र वेगळ्या लेव्हलची. पॅडिंग्टनवरून पाच तासांच्या वर, लाइनच जिथं संपते तिथं उतरायचं, शेवटी कधी उजवीकडं, कधी डावीकडं समुद्र येतो आणि पाण्यात सेंट मायकल्स माउंट दिसतो. मेन्ने फील्डवर वारा असा की किकरनं पोस्टच्या बाहेर निशाणा धरायचा. याच ग्राउंडवर मार्च २०२१ मध्ये कॉर्निश पायरेट्सनी सॅरासेन्सना २५-१७ हरवलं होतं, सॅलरी कॅप (खेळाडूंच्या पगारावरची मर्यादा) मोडल्याबद्दल प्रीमियरशिपमधून खाली आलेल्या, इंटरनॅशनल प्लेअर्सनी भरलेल्या सॅरासेन्सना. तेव्हा कोविडमुळं स्टँड रिकामे, पण मी भेटलेला प्रत्येक जण त्या मॅचबद्दल स्वतः तिथं असल्यासारखा बोलतो. तिथल्याच ट्रुरोला मोठं स्टेडियम बांधायची चर्चा वर्षानुवर्षं चालली आणि विरली. पेस्टी (तिकडची सारण भरलेली करंजी) मात्र गरम मिळाली.

आणि जर्सी, इंग्लिश खाडीतल्या त्याच नावाच्या बेटावरचा क्लब. लीगमधलं एकच ग्राउंड जिथं प्रत्येक पाहुण्या टीमला समुद्र ओलांडावा लागायचा. ग्राउंड सेंट पीटरला, एअरपोर्टच्या अगदी जवळ, बसनं उतरलं की आलंच. तिथं एक पौंडाची नोट अजून चालते, सुट्ट्यात तीन मिळाल्या, त्या लंडनच्या दुकानात कुणी घेईना. कोच हार्वी बिल्यॉनची ती टीम बघायला चकचकीत नव्हती, पण टॅकल म्हणजे कबड्डीतली पकड, एकानं पाय धरला की दुसरा येऊन मिठीच मारणार. ईलिंगकडं पैसा जास्त, ट्रॅव्हल कंपनीवाले माइक गूली पाठीशी, तरी २०२२-२३ चं टायटल जर्सीनं घेतलं आणि ईलिंग दुसरे. वर अर्थातच कुणी गेलं नाही.

हा लॉग तेव्हाच टाकणार होतो, पण राहिला आणि मग सप्टेंबर २०२३ आला. प्रीमियरशिप कपमध्ये त्या सीझनला चॅम्पियनशिपच्या टीम्सना पण घेतलं होतं, त्यात जर्सीनं प्रीमियरशिपमधल्या बाथला हरवलं, आमच्या ग्राउंड फिरणाऱ्यांच्या ग्रुपवर नुसता दंगा. आणि त्याच महिन्याच्या शेवटी क्लब बंद. पगाराला पैसे नाहीत, गुंतवणूकदार मागं हटले, दुसऱ्या लीगचं पुढं नक्की काय करणार हे युनियन सांगेना. लोक म्हणतायत बेटावरचा क्लब, विमानाचा खर्च, होणारच होतं. मला हे पटत नाही. विमानाचा खर्च २०१२ पासून होता आणि तो भागवत ते इथवर आले. २०२० मध्ये युनियननं या लीगचा निधी जवळपास निम्म्यावर आणला, तो बदल झाला. बारा क्लबांना सांगायचं प्रोफेशनल राहा, पैसे निम्मे घ्या, वर जायचं तर दहा हजारांचं ग्राउंड आणा. चॅम्पियन टीम सहा महिन्यांत बंद पडते तेव्हा दोष बेटाच्या भूगोलाचा नसतो.

टिकचं काय करायचं यावर ग्रुपवर वाद चालूय, बंद क्लबचं ग्राउंड यादीत धरायचं का नाही. मी धरतोय.

२०२३-२४ च्या सीझनला ११ च टीम, त्यामुळं दर राउंडला कुणीतरी घरी बसणार. केंब्रिज वर आलेत, ग्रँचेस्टर रोडचं ग्राउंड स्टेशनपासून लांब आहे म्हणे, सायकल न्यावी म्हणतो. डॉनकास्टर संप नसलेला शनिवार बघून. कॅल्डीला लिव्हरपूलकडून कुणी गाडीनं जात असेल तर डिझेलचे अर्धे माझे, मेसेज करा.