तुम्ही विचारलंत म्हणून: हिला सांगितलं होतं का?

लग्नात, दहाव्याला, कळंबच्या बाजारात कुणीतरी मला हाताला धरून बाजूला घेतं आणि आवाज खाली करून विचारतं, "गुरुजी, बाईंना सांगितलं होतं का हो?" विचारणाऱ्याच्या घरात कुणाचा तरी रिपोर्ट नुकताच आलेला असतो. म्हणजे त्याला विचारायचं असतं, आम्ही सांगावं का?

आधी माझी लबाडी सांगतो. नोव्हेंबर 2022 मध्ये हिच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, छातीतल्या गाठीचा रिपोर्ट आला. कॅन्सर. मी आणि मेहुण्यांनी तो दवाखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर वाचला आणि तिथंच ठरवलं, साधी गाठ आहे म्हणायचं. मेहुणे म्हणाले, "अक्का ऐकूनच खचंल." चार दिवस मी ते नाटक केलं. बार्शीला कशाला, तर मोठ्या डॉक्टरांना एकदा दाखवू, आलोच आहोत तर भगवंताचं दर्शनही घेऊ.

आमच्या भागात 'बार्शीला नेलंय' एवढं म्हटलं की समोरचा माणूस पुढं काही विचारत नाही. तरी मला वाटलं, हिला कळणार नाही. येरमाळ्यावरून एसटीनं गेलो, रिक्षा केली, आणि गेटवर 'नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल' अशी पाटी. ही रिक्षातून उतरली, पाटी वाचली, पदर नीट केला आणि म्हणाली, "भगवंत आता हिकडं राहायला आलाय का?"

आत गेल्यावर तर नाटकाला जागाच नव्हती. उपचाराच्या सरकारी योजनेसाठी रेशनकार्ड, आधार, पेशंटचा फोटो. समोरचा मुलगा आजाराचं नाव मोठ्यानं वाचून दाखवतो, त्याचं कामच ते.

परतीच्या गाडीत कळलं की फसलो होतो मी. हिला गाठ पोळ्यालाच लागली होती. मला सांगितलं दिवाळीनंतर. का, तर सोयाबीन रानात पडून होतं आणि परतीचा पाऊस मागं लागला होता. बरं, गाठ म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं असंही नाही. हिचं माहेर परंडा तालुक्यातलं. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी, म्हणजे कुणाला कॅन्सर झाला याची गावोगावची नोंद, 1987 साली बार्शीत सुरू झाली, ती बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांसाठी. गावात येऊन 'छातीत गाठ लागली तर लपवू नका' म्हणून सांगणारी माणसं हिनं परकरात असताना ऐकलेली. ज्या बाईला हे तीस वर्षं पाठ आहे, तिच्यापासून मी चार दिवस रिपोर्ट लपवत होतो! ती अडीच महिने लपवत होती ते वेगळंच. आमच्यात जास्त खोटं कोण बोललं, यावर अजून भांडण होतं.

डिसेंबरात ऑपरेशन झालं, जानेवारीपासून दर एकवीस दिवसांनी केमो. पहिली चार सलाइनं लाल औषधाची. त्यानंतर दिवसभर लघवीला लाल होतं. नर्सनं ते हिलाच सांगून ठेवलं होतं म्हणून बरं, नाहीतर आम्ही दोघंही रक्त समजून घाबरलो असतो. हिनं माझ्याकडून शंभर पानी वही मागून घेतली आणि रोज लिहायला लागली. ताप, पाण्याचे तांबे, तोंडातले फोड. 'चव' या रकान्यात एक दिवस लिहिलं होतं, 'लोखंडी पळी चाटल्यागत'. त्या दिवसांत ज्वारीची आंबील तेवढी पोटात राहायची. मी केलेली गुठळ्यांची असायची, तीही वहीत लिहिलेली आहे.

आता एका रात्रीचं सांगतो. 2023 ची शिवरात्र दोन दिवसांवर होती, दुसऱ्या केमोला दहा दिवस झाले होते. रात्री एकला हिनं मला हलवलं. "एकशे एक हाय." मी म्हणालो, तापाची गोळी घे, सकाळी बघू. अशा वेळी माणूस हेच म्हणतो, मीही म्हणालो. ती म्हणाली, "नाही. केमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी पार खाली जातात. शंभर पॉइंट चारच्या वर गेलं की गोळी घेऊन घरी बसायचं नाही, लगेच यायचं, असं सांगितलंय." शेजाऱ्याची जीप काढली, पहाटे तीनला बार्शी. पाच दिवस अँटिबायोटिकच्या सलाइनवर होती. साधी गाठ समजून घरी पडलेली बाई रात्री एकला उठून थर्मामीटर कशाला लावेल? सकाळपर्यंत अंगावर काढलं असतं, आणि मी काढू दिलं असतं.

बघायला येणाऱ्यांचंही तेच. बिस्किटाचे पुडे घेऊन, शिंकत-खोकत थेट खाटेपर्यंत. मला कुणाला अडवता येत नाही, तीच आतून ओरडायची, "ओसरीवरच बसा, पेशी कमी हायत!" शब्द ऐकूनच निम्मे परत जायचे. येडाईचा नवस, झाडपाल्याचं औषध हेही सगळं आलं. नवस ठेवला, झाडपाला गोठ्यामागं.

17 मार्चला बायकांना एसटीचं अर्धं तिकीट सुरू झालं आणि 20 तारखेला आमची चौथी केमो होती. कंडक्टरनं अर्धं तिकीट फाडलं तर ही म्हणाली, "एवढा खर्च झाल्यावर सुचलं का सरकारला."

तर विचारणाऱ्याला मी म्हणतो, सांगा. पण टपरीवर उभं राहून नाही, डॉक्टरांसमोर सांगा. म्हणजे 'आता पुढं काय' हे त्याच बैठकीत कळतं. आणि पेशंटलाच विचारा, अजून कुणाकुणाला सांगायचं. हिनं एकच नाव वगळलं होतं, तिची आई. सासूबाईंचं वय ऐंशीच्या पुढं, त्यांना अजून माहीत नाही. उन्हाळ्यात त्या आल्या, लेकीचं डोकं बघून विचारलं, केस कुठं गेले? ही पटकन म्हणाली, तिरुपतीला दिले.

सासूबाईंनी हात जोडले आणि म्हणाल्या, "मग लाडू कुठाय?"

ही माझ्याकडं बघायला लागली, मी माळवदाकडं. फोनवर अजूनही विचारतात.